चहाच्या बियाण्यावरचा आळ

ज्वारीच्या कणसात दाण्यांच्या जागी काळ्या भुकटीच्या पिशव्या दिसल्या की शेतकरी म्हणतो, काणी लागली. हे दुखणे बियाण्यातून आले हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मळणीत काणीचे एक कणीस फुटले की त्याची भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते, पुढच्या पेरणीत दाण्याबरोबर तीही रुजते आणि कणीस पुन्हा काळे. उपायही घरगुती म्हणावा असा: पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळायचे. गव्हाच्या काजळीला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिची बुरशी दाण्याच्या आत, थेट अंकुरात बसलेली असते. तिच्यासाठी १९३०च्या दशकात लायलपूरला उन्हाची युक्ती निघाली. मे-जूनमध्ये सकाळी बी काही तास पाण्यात भिजवायचे, आतली बुरशी जागी झाली की दुपारच्या रणरणत्या उन्हात ते कडकडीत वाळवायचे. बुरशी मरते, गहू जगतो.

बीजजन्य रोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ही दोन चित्रे उभी राहतात: वरून चिकटलेली बुरशी आणि आत शिरलेली बुरशी. चहाच्या झाडाबद्दल बोलतानाही हेच चष्मे वापरले जातात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. चहाच्या बिया ओल्या टीपकागदावर ठेवून आठवडाभर पाहिल्या तर त्यांच्यावर फ्युझारियम येते, अस्परजिलस आणि पेनिसिलियम येतात, ऱ्हायझोपसचा कापूस फुलतो, अधूनमधून कोलेटोट्रिकम किंवा पेस्टॅलोशियाच्या कुळातले कोणी डोकावते. ही नावे एकाखाली एक लिहिली की यादी तयार होते, आणि यादी तयार झाली की तिला ‘बीजजन्य रोग’ असे शीर्षक मिळते. पण बुरशी बियाण्यावर सापडणे, ती बियाण्यातून रोपात जाणे आणि त्या रोपाचे झाड मळ्यात आजारी पडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा मिळवायला टीपकागद पुरतो. दुसरीसाठी निर्जंतुक मातीत रोपे वाढवून पाहावी लागतात. तिसरीसाठी वर्षे जातात, कारण चहाचे झुडूप पन्नास-शंभर वर्षे जगते. चहाच्या बाबतीत बहुतेक चर्चा पहिल्या पायरीवरच थांबते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बियाण्यावर खटलाच चालवायचा असेल तर सर्वांत मोठा पुरावा प्रयोगशाळेबाहेरचा, इतिहासातला आहे.

चहा जगभर पसरला तो मुख्यतः बियाण्याच्या रूपाने. १८३४ मध्ये लॉर्ड बेंटिंकने चहा समिती नेमली आणि तिचा सचिव जॉर्ज गॉर्डन चीनमधून बियाणे आणायला निघाला. १८३५ मध्ये सुमारे ८०,००० बिया कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या वनस्पती उद्यानात त्यांची सुमारे ४२,००० रोपे झाली आणि ती आसाम, कुमाऊंकडचा हिमालय आणि दक्षिण भारत अशी वाटली गेली. आसामात देशी चहा जंगलातच उभा होता. रॉबर्ट ब्रूसने १८२३ मध्ये त्याची माहिती मिळवली होती, तरी साहेबाला चिनी बी हवे होते. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ ते १८५१ या काळात वेष पालटून चीनमध्ये फिरला आणि त्याने काचेच्या बंद पेट्यांतून बियाणे पाठवले. कोरडे बांधून पाठवलेले चहाचे बी वाटेत मरते हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने पेटीतल्या मातीतच बी पेरले आणि ते समुद्रातच उगवले. या तपशिलाकडे पुन्हा यायचे आहे.

आसामचे बी १८३९ मध्येच श्रीलंकेतल्या पेराडेनिया उद्यानात गेले होते. तिथली कॉफी १८६९ पासून तांबेऱ्याने झोपवली आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत त्या बेटावरचे डोंगर चहाने भरले, तेव्हा आसामच्या बियाण्याला तिथे मोठी मागणी आली. याच सुमारास, १८६८ मध्ये, आसामात एक रोग पहिल्यांदा नोंदला गेला. कोवळ्या पानावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा पारदर्शक ठिपका, मग एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला पांढुरका फोड. इंग्रजीत त्याचे नाव ब्लिस्टर ब्लाइट, आपण फोडकरपा म्हणू. जॉर्ज मॅसी या बुरशीशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्या बुरशीला एक्झोबेसिडियम व्हेक्सान्स हे नाव दिले. ‘व्हेक्सान्स’ म्हणजे त्रास देणारी. नाव ठेवताना शास्त्रज्ञांनाही कधी कधी खरे बोलायचा मोह होतो.

आता तारखा जुळवून पाहू. आसामात फोडकरपा १८६८ मध्ये दिसला. १९०८ मध्ये तो दार्जिलिंगला पोचला. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत तो आला १९४६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. या सगळ्या काळात चहाचे बी रोगाच्या मुलखातून दक्षिणेकडे जात होते. बियाण्याच्या पोटातून हा रोग जात असता तर तो पाऊण शतक वाट पाहत बसला नसता. आफ्रिकेचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. केनियात लिमुरूला १९०३ मध्ये पहिला चहा लागला तो भारतातून नेलेल्या बियाण्याचा. आज केनिया जगातल्या सर्वांत मोठ्या चहा निर्यातदारांपैकी एक आहे आणि आफ्रिकेत फोडकरपा आढळल्याची नोंद नाही.

कारण त्या बुरशीच्या स्वभावात आहे. तिला जिवंत, कोवळे, रसरशीत पान लागते. मेलेल्या पानावर ती जगत नाही. तिचे बीजाणू नाजूक असतात, कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन त्यांना झेपत नाही. ढगाळ, धुकट, पाऊस लागलेल्या दिवसांत ती थैमान घालते आणि उघडीप मिळाली की ओसरते. चहाच्या बियाण्यावर कोवळे पान नाही, कोवळा दांडा नाही. आहे ते एक टणक, तपकिरी, लाकडासारखे कवच. म्हणून गेल्या दोनशे वर्षांत चहाच्या बियाण्याने वाहकापेक्षा चाळणीचे काम जास्त केले आहे. झाडाचे गुण त्यातून पलीकडे गेले आणि पानांचे रोग बऱ्याच प्रमाणात अलीकडेच राहिले.

इथे एक अवांतर, पण मराठी वाचकासाठी अगदीच अवांतर नाही. चहाच्या कीडरोगांवरचा पहिला भरीव ग्रंथ जॉर्ज वॉट यांचा. त्याची वाढवलेली आवृत्ती १९०३ मध्ये वॉट आणि हॅरॉल्ड मॅन या जोडनावाने निघाली. हे मॅन १९०० मध्ये इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी म्हणून आले होते. त्या कामातून पुढे १९११ मध्ये जोरहाटजवळ टोकलाईचे संशोधन केंद्र उभे राहिले. मॅनसाहेब मात्र त्याआधीच १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. ज्यांनी आसामात चहाच्या पानावरचे डाग पाहिले त्यांनीच पुढे पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि कुटुंबे मोजून १९१७ मध्ये खेड्याच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या इमारती आहेत आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चहाच्या टपऱ्या.

बियाण्यावरचा आळ इतक्याने पुरता धुतला जात नाही. फोडकरप्याच्या बाबतीत ते निर्दोष ठरते. स्वतःच्या मरणाच्या बाबतीत नाही.

चहाच्या फळात साधारण एक ते तीन बिया असतात. फूल हिवाळ्याच्या तोंडाशी येते आणि फळ पिकायला जवळजवळ वर्ष घेते, म्हणजे एकाच झाडावर या वर्षीची फुले आणि गेल्या वर्षीची पिकलेली फळे एकत्र दिसतात. ईशान्य भारतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळे तडकून बिया खाली पडतात. आत दोन मांसल, तेलकट दले असतात. ज्वारी, गहू, तूर यांचे बी वाळवले की टिकते. जितके कोरडे तितके दीर्घायुषी. चहाचे उलटे. ते वाळले की मेले. ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियाण्यांची ‘ऑर्थोडॉक्स’ आणि ‘रिकॅल्सिट्रंट’ अशी विभागणी केली, त्यात चहा दुसऱ्या, हट्टी गटात बसतो. आपल्याकडच्या आंबा-फणसाच्या बिया याच गोत्रातल्या. आंब्याची कोय वर्षभर डब्यात ठेवून पुढच्या पावसाळ्यात कोणी लावत नाही.

सगळी अडचण या हट्टातून निघते. बियाण्याला बुरशीपासून वाचवायचा जगातला सर्वांत जुना उपाय म्हणजे ते वाळवणे, आणि चहाला तोच चालत नाही. लायलपूरची उन्हाची युक्ती इथे केली तर बुरशीबरोबर बीही जाईल. कणगीत, पोत्यात, डब्यात साठवण्याचे आपले सगळे शहाणपण निरुपयोगी. चहाचे बी ठेवायचे ते गारव्यात आणि ओलसर वाळूत किंवा कोळशाच्या भुकटीत, म्हणजे नेमके तिथे जिथे बुरशीलाही करमते. बियाण्याला आणि बुरशीला एकच ओल जगवते. पेनिसिलियम आणि अस्परजिलस यांच्याकडे कोणी ‘चहाचे रोग’ म्हणून पाहत नाही. भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत, लिंबाच्या सालीवर दिसणारी ही मंडळी. पण साठवणीत चहाच्या बियाण्याचे जास्तीत जास्त नुकसान करणाऱ्यांत त्यांचा नंबर वरचा आहे. पाठवणीत आठवडे गेले, पोत्यात ऊब धरली, बियांना आंबूस वास आला की समजायचे, काम झाले. फॉर्च्यूनने पेटीत बी पेरूनच पाठवले त्यामागचे शहाणपण हेच. उगवलेले बी कुजत नाही. पडून राहिलेले कुजते.

या कुजण्याला वाट करून देणारा एक किडाही आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी बदनाम झालेला गुन्हेगार तोच. पोएसिलोकोरिस लॅटस नावाचा मोठा, रंगीत, ढालीसारख्या पाठीचा ढेकूण चहाच्या बियाण्याच्या बागांत असतो. त्याला चहाचा बीढेकूण म्हणू. तो आपली सोंड फळाच्या सालीतून आणि बियाण्याच्या कवचातून आत खुपसतो आणि दलांचा रस शोषतो. बाहेरून बी धडधाकट दिसते, फार तर सुईच्या टोकाएवढे भोक. त्या भोकातून बुरशी आत जाते आणि आतले दल काळपट, भुसभुशीत होऊन बसते. ही बुरशी बियाण्यात ‘आढळते’, म्हणून ती यादीत बीजजन्य ठरते. पण झाडाने ती बियाण्याला दिलेली नाही, किड्याने टोचलेली आहे. इथे बियाण्याला औषध चोळून काही उपयोग नाही. फळ झाडावर असतानाच किडा आवरावा लागतो.

ईशान्येत बियाण्याच्या बागेला ‘बारी’ म्हणतात. ‘बाडी’, ‘बारी’ आणि आपली ‘वाडी’ या एकाच घरातल्या बहिणी. चहाच्या इंग्रजीत अशा आपल्या भाषांचे बरेच अवशेष राहिले आहेत: चहाच्या वाणाला मळेवाले अजून ‘जाट’ म्हणतात, आसाम जाट, चायना जाट. तो शब्द म्हणजे आपली ‘जात’च. बारीतली झाडे छाटत नाहीत. मळ्यात कमरेएवढी दिसणारी चहाची झुडपे इथे मोकळी सोडली की चांगली झाडे होतात. झाड उंच, फांद्या दाट, खाली पडलेली फळे ओल्या पाचोळ्यात. बियाणे रोज गोळा केले नाही तर जमिनीवरची बुरशी त्याच्यावर चढायला एक-दोन पावसाळी रात्री पुरतात. बियाण्याच्या आरोग्याचा निम्मा प्रश्न मला वाटते केरसुणी आणि टोपलीचा आहे, सूक्ष्मदर्शकाचा नंतर.

गोळा केलेले बी पाण्यात टाकतात. बुडले ते घ्यायचे, तरंगले ते टाकायचे. कीड लागलेले, आत कुजलेले, पोकळ बी हलके होऊन वर येते. एवढी स्वस्त आरोग्यतपासणी दुसऱ्या कुठल्या पिकाची असेल असे वाटत नाही. चांगले बी मग उन्हात वाळूवर पसरून मधूनमधून पाणी शिंपडतात, कवच तडकले की उचलून रोपवाटिकेत नेतात. या तडकण्याच्या टप्प्यावर बी उघडे पडते. वाळू जुनी, आधीच्या हंगामातली, असेल तर तिच्यातले फ्युझारियम, पिथियम, ऱ्हायझोक्टोनिया ताज्या कोंबाला सामोरे येतात आणि रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. मिरची-टोमॅटोची रोपे लावणाऱ्या कुणालाही हे ‘मर’ प्रकरण माहीत आहे. दोष बियाण्याच्या नावावर जातो, पण बुरशी बहुतेक वेळा वाळूतून किंवा वाफ्यातून आलेली असते.

चहाच्या मुळांचे रोग तर बियाण्यापासून कोसभर लांब आहेत. लाल मूळकूज, तपकिरी मूळकूज, कोळशासारखी काळी बुंधाकूज, आफ्रिकेतले आर्मिलेरिया यांचा उगम जवळजवळ नेहमी जमिनीत राहिलेल्या जुन्या खोडक्यात असतो. जंगल तोडून मळा केला, सावलीची झाडे काढली आणि बुंधा तसाच सोडला की त्यावर वाढलेली बुरशी मुळामुळाने शेजारच्या चहापर्यंत पोचते. जांभळी मूळकूज पाणी साचलेल्या जागी येते. तिथे कितीही औषध ओतले तरी खरी गरज चर खणण्याची असते. टॉम पेच यांनी १९२३ मध्ये श्रीलंकेतून चहाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यातही खोडकी आणि मुळे यांचे पारडे जड आहे. तांबेऱ्यासारखा दिसणारा चहाचा ‘रेड रस्ट’ हा तर बुरशीच नव्हे, शेवाळ आहे. तरीही सवयीने तो बुरशीजन्य रोगांच्या यादीत घुसतो.

मग बियाण्याचा प्रश्न आता उरला आहे तरी का? कारण विसाव्या शतकाच्या मध्यात चहाने लागवडीची पद्धतच बदलली. टोकलाईने १९४९ मध्ये टीव्ही १, टीव्ही २ आणि टीव्ही ३ हे पहिले क्लोन दिले. एका पानाचे, एका डोळ्याचे छाट कलम प्लास्टिकच्या नळकांडीसारख्या पिशवीत मातीत खोचायचे आणि त्याचे झाड करायचे. सगळी झाडे सारखी, तोडणी सारखी, चव सारखी. पण बियाण्याची चाळणी नेमकी इथे वगळली गेली. छाट कलमाला पान असते. पानाबरोबर पानावरचा करपा, राखाडी करपा, शेवाळ, आत लपलेली बुरशी सगळे येऊ शकते. शिवाय पिशवीत माती असते आणि मातीसोबत सूत्रकृमींपासून मूळकुजीपर्यंत काहीही. बियाण्याच्या काळात जे रोग अलीकडे अडत, ते कलमांच्या काळात रोपाच्या अंगाखांद्यावरून प्रवास करू शकतात. म्हणून विलगीकरणाचे कायदे रोपे आणि कलमे यांच्याबाबत जितके कडक असतात तितके साफ बियाण्याबाबत असायचे कारण नाही. आपल्याकडे १९१४ पासून घातक कीड-रोग कायदा आहे आणि २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश परदेशी माती देशात येऊ देत नाही. या दुसऱ्या अटीचे महत्त्व सामान्यतः कमी लेखले जाते.

क्लोनच्या लाटेतही बी संपले नाही, कारण बियाण्याच्या झाडाला सोटमूळ असते. उन्हाळ्याचा ताण आला, पाऊस लांबला की बियाण्याची झाडे अधिक तग धरतात. कलमांची मुळे वरच्या थरात पसरतात. टोकलाईने म्हणूनच निवडक क्लोनांच्या जोड्या लावून त्यांच्या संकरातून द्विक्लोनी बियाणे तयार केले. टीएस ४६२, टीएस ४६३ अशी त्यांची नावे. चहाचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, दोन क्लोन शेजारी लावले की कीटक उरलेले काम करतात. अशा बारीतले बी आज महत्त्वाचे आहे आणि त्याचे आरोग्य तपासायची पद्धत अजून ज्वारी-गव्हाकडून उसनी घेतलेली आहे.

उसनेपणाचा त्रास कुठे होतो? बीज-आरोग्याची टीपकागद पद्धत छोट्या, कोरड्या, टिकाऊ दाण्यांसाठी घडली. तिला चारशे बिया लागतात, आठवडाभर ठराविक तापमान लागते, प्रकाश आणि अंधार आळीपाळीने द्यावा लागतो. चहाच्या चारशे मोठ्या, तेलकट, ओल्या बिया एकत्र ठेवल्या तर झपाट्याने वाढणारा ऱ्हायझोपस दोन दिवसांत सगळ्यांवर चादर पांघरतो आणि हळू वाढणारी, कदाचित खरी धोकादायक, बुरशी त्याच्याखाली झाकली जाते. पृष्ठभाग क्लोरीनच्या पाण्याने धुऊन मग पाहिले तर आतले कोण आणि बाहेरचे कोण हे वेगळे करता येते. एवढी साधी काळजी घेतली नसेल तर यादीला फारसा अर्थ उरत नाही. त्यात बुरशींची नावेही सरकत राहतात. राखाडी करप्याची पेस्टॅलोशिया आधी पेस्टॅलोशिऑप्सिस झाली आणि २०१४ मध्ये स्यूडोपेस्टॅलोशिऑप्सिस या नव्या वंशात गेली. डीएनएच्या साक्षीशिवाय आता कोलेटोट्रिकमच्या जाती ओळखता येत नाहीत. जुन्या नोंदीतली बुरशी आणि आजची बुरशी एकच, असे धरून चालणे धोक्याचे.

शिवाय आत सापडलेली प्रत्येक बुरशी शत्रू नसते. कोलेटोट्रिकमच्या कुळातले कितीतरी सदस्य चहाच्या निरोगी पानात काहीही लक्षण न दाखवता राहतात आणि झाड अशक्त झाले की मगच उपद्रव देतात. लाकडी झाडांमध्ये हे आतले पाहुणे बियाण्यातून वारशाने येण्यापेक्षा हवेतून, पावसाच्या थेंबातून पानापानाला येतात.

औषधांबद्दल थोडक्यात. पूर्वी बियाण्यांना पाऱ्याची सेंद्रिय संयुगे लावत. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये असा गहू लोकांनी दळून खाल्ला आणि मोठी विषबाधा झाली, त्यानंतर पारा बीजप्रक्रियेतून जवळपास गेला. थायरम, कॅप्टन आणि ट्रायकोडर्माची भुकटी उरली. चहाचे बी कुणी खात नसले तरी टी बोर्डाची पीकसंरक्षण संहिता मळ्यात काय वापरायचे हे मर्यादित करते आणि ते योग्यच आहे. माझा कल ट्रायकोडर्माकडे आहे, पण नवी वाळू, कोरडी टोपली आणि वेळेवर गोळा केलेले बी यांच्यापुढे तोही दुय्यम.

बी वर्षानुवर्षे टिकवायचे असेल तर वेगळीच वाट धरावी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्रात १९९० च्या सुमारास चहाच्या बियाण्यातला नुसता अंकुर-अक्ष काढून, तो वाळवून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवण्याचे प्रयोग झाले. अख्खे बी वाळवणे सोसत नाही, पण त्यातला हा तिळाएवढा तुकडा सोसतो. आणि तो काढतानाच कवच, दले, त्यांच्यावरची ओल आणि ओलीत राहणारे सगळे बाजूला पडते. उरतो तो अंकुर, निर्जंतुक काचेच्या नळीत, बुरशीला जागाच न उरलेला.